ओलं फडकं

गुरुजींची डाव्या हाताची नखं कापून झाली होती आणि उजव्या अंगठ्याला नेलकटर लावला होता, तेवढ्यात फोन वाजला. दीपेशचा. पंचवीस वर्षांपूर्वी तो केसरीनाथ गुरुजींच्या सातवीच्या वर्गात होता. आता वळ गावच्या गोदामांमधून माल नेणारा टेम्पो चालवतो आणि दर दिवाळीला न चुकता फोन करतो. मे महिन्यात त्याचा फोन येण्याचं काही कारण नव्हतं. तो इतका भरभर बोलला की गुरुजींनी त्याला दोनदा थांबवलं, पहिल्यापासून सांग म्हणाले, जसं वर्गात म्हणायचे. मग तो सावकाश बोलला. गाडीच्या पुढच्या काचेला कंपनीने एक कॅमेरा चिकटवलाय, साबणाच्या डबीएवढा. त्याचा एक डोळा रस्त्यावर, एक ड्रायव्हरच्या तोंडावर. उन्हात तापला की तो आपोआप बंद पडतो, आणि बंद पडला की ऑफिसच्या पडद्यावर ड्रायव्हरने बंद केला असंच दिसतं. त्याच्यावर दोन नोटिसा निघाल्या होत्या. तिसरीला घरी बसवतात. म्हणून परवा दुपारी त्याने कॅमेऱ्याला ओलं फडकं गुंडाळलं, आणि कॅमेरा कायमचा गेला. आज बारा वाजता ऑफिसातल्या मॅडमने बोलावलं होतं. "गुरुजी, मी काय मुद्दाम न्हाय केला," तो म्हणाला. "तुमीच शिकवलेला ना, ओल्या फडक्याचा? माठाचा? येवढा येऊन सांगाल का त्यांना?"

येतो, असं ते म्हणाले. म्हणताना त्यांना काहीच वाटलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र छातीत कुठेतरी एक बारीक काटा सरकल्यासारखं झालं. उजव्या हाताची नखं तशीच राहिली. ते आत गेले, कपाटाच्या वरच्या कप्प्यातून पुठ्ठ्याची नळी काढली आणि तिच्यातला काचेचा तापमापक उजेडाकडे धरून पाहिला. पारा छत्तिसाच्या जरा वर होता, घरातच. शर्ट घालताना बटण एक घर चुकलं, ते त्यांच्या बायकोने, गुणाबाईंनी पाहिलं.

"अवो, कुठं चाललाव या उन्हाचं?"

"वळला. दीपेशकडे."

"कोन दीपेश?"

"सातवीतला. गाडीतला कॅमेरा बिघडला त्याचा."

"मग तुमी काय कॅमेरे दुरुस्त कराला लागलाव का आता?" बटणं सारखी करता करता त्या म्हणाल्या. "सदुसष्ट वर्षांचा मानूस, आनि शाळंतल्या पोराची गाडी बघाला चाललाय. डोक्याला पंचा तरी बांधा. आनि शिकवीत बसू नका तिथं."

टेमघरच्या नाक्यावर शेअर रिक्षा लगेच मिळाली. पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या बाजूला अर्धे बाहेर बसून ते निघाले. दोन्ही बाजूंनी कापड विणणाऱ्या लूमचा आवाज येत होता, काही गाळ्यांमधून येत नव्हता. इतकी वर्षं ऐकलेला तो आवाज आज त्यांना एकसारखा प्रश्न विचारल्यासारखा वाटत होता. शिकवलं होतं का? शिकवलं होतं. त्यात शंका नव्हती. खाडीकाठची दोन खोल्यांची शाळा, फेब्रुवारीचा पहिला आठवडा, सकाळी गार आणि दुपारी एकदम ऊन. मुलांनी आपापल्या घराजवळच्या लूमवरून कापडाचे कोरे तुकडे आणले होते, त्यांना खळीचा आंबूस वास येत होता. व्हरांड्यात, जिथे खाडीवरचा वारा सरळ येई, तिथे माठ ठेवला होता आणि त्याला ओलं कापड गुंडाळलं होतं. पाण्यात तापमापक. दर दहा मिनिटांनी एक मूल यायचं, वाकायचं, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणायचं आणि आकडा मोठ्याने वाचायचं. आकडा खाली येई तसतशी मुलं ओरडत होती, जणू त्यांनीच तो खाली ढकलला होता. पाणी उडून जाताना उष्णता सोबत घेऊन जातं. हे वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं नव्हतं. मुलांकडूनच काढून घेतलं होतं. त्या वेळी त्यांना स्वतःचा फार आनंद झाला होता, तो आनंद आजही तसाच आठवत होता, आणि आता रिक्षात त्याची थोडी लाज वाटत होती, का ते कळत नव्हतं.

कारण तो पाठ तिथे संपणार नव्हता. रिक्षा अंजूरफाट्याच्या गर्दीत अडकली, पुढे कंटेनर आडवा झाला होता, आणि त्या थांबलेल्या, वारा नसलेल्या क्षणी त्यांना ते आठवलं. दुसऱ्या दिवशी दुसरा माठ ठेवायचा होता. त्यालाही ओलं कापड, पण कापडावरून प्लास्टिकचा कागद घट्ट बांधलेला. पाणी तितकंच, कापड तितकंच ओलं, पण वारा लागणार नाही, वाफ बाहेर पडणार नाही, आणि पारा काही केल्या हलणार नाही. मुलांनी गोंधळावं, आपसात भांडावं, आणि मग कोणीतरी एकाने म्हणावं, की गुरुजी, त्याला जायला वाटच न्हाय. तेच खरं शिकणं होतं. पहिल्या दिवशीचं निम्मंच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याहून निरोप आला आणि ते जनगणनेच्या कामाला गेले. घरोघर, तीन आठवडे. परत आले तेव्हा परीक्षा तोंडावर होती आणि ध्वनीचा धडा राहिला होता. कोणी विचारलं होतं का, गुरुजी, दुसरा माठ? त्यांना वाटलं, विचारलं होतं. त्यांना वाटलं, दीपेशनेच. मग वाटलं, हे आपण आत्ता रचतोय. बोचायला काहीतरी हवं म्हणून मन एक मूल उभं करतंय, शेवटच्या बाकावरचं, हात वर केलेलं. आणि आपण त्याला काय म्हणालो? पुढच्या वर्षी? की नुसती मान हलवली? कंटेनर सरकला. वारा आला. उजव्या हाताच्या वाढलेल्या नखांनी ते पुठ्ठ्याची नळी खरवडत होते.

फाट्यावर रिक्षा बदलून ते वळला उतरले तेव्हा साडेअकरा झाले होते. दोन्ही बाजूला निळ्या पत्र्यांची गोदामं, इतकी लांब की त्यांचा शेवट उन्हात थरथरत होता. पत्र्यावरून उष्णता अंगावर येत होती, जशी उघड्या चुलीवरून येते. फाटकापाशी वॉचमनने नाव लिहून घेतलं. "चाचा, किससे मिलना है? ड्रायव्हर लोग का अंदर मना है, आप कौन?" मी त्याचा मास्तर, असं ते म्हणाले. वॉचमन हसला, "अब भी पढता है क्या?" आणि आत सोडलं.

दीपेश टेम्पोच्या सावलीत उभा होता. चाळिशीला आलेला, पोट सुटलेला, केस पातळ. गुरुजींना प्रत्येक वेळी तो चेहरा ओळखायला क्षणभर लागे आणि मग आतून ते जुनं तोंड वर येई. आज ते वर यायला जास्त वेळ लागला. डोळे खोल गेले होते, ओठांवर पांढरी साल निघाली होती. तो पाया पडायला वाकला आणि उठताना त्याने टेम्पोच्या दाराला धरलं. गुरुजींनी ते पाहिलं, पण त्यांचं लक्ष त्याच्या खिशातून बाहेर येणाऱ्या कापडाकडे होतं.

"हाच फडका, गुरुजी. ग्रे कापडाचा, कोरा. शाळेत आनायचो तसा."

"आणि वरून काय घातलं होतंस?"

दीपेशने फडकं परत खिशात कोंबलं. मग म्हणाला, "पिशवी. वरनं प्लास्टिकची पिशवी बांधली. फडका धा मिनटात सुकायचा ना. मी बोललो, ओला ऱ्हाईल तं थंड ऱ्हाईल."

तर हे. रस्ताभर जे त्यांनी मनाशी घोळवलं ते इथे, एका पिशवीत, गाठ मारून तयार होतं. जो माठ त्यांनी कधी ठेवला नव्हता, तो या माणसाने पंचवीस वर्षांनी स्वतःच्या नोकरीवर ठेवून पाहिला होता. पाणी वाफ होऊन बाहेर जाऊ शकलं नाही म्हणून आतच, कॅमेऱ्याच्या फटींमधून शिरलं. किती सरळ होतं. किती लवकर सांगता आलं असतं, एका तासिकेत, एका कागदाच्या तुकड्याने. "बरोबर केलंस," ते म्हणणार होते, "निम्मं." पण ते म्हणाले, "चल, बारा वाजत आले."

ऑफिस गोदामाच्या कडेला, जिना चढून वर होतं. दार उघडताच थंडी अंगावर आली आणि पाठीवरचा घाम एकदम गार झाला. भिंतीवर चार मोठे पडदे, त्यांवर हिरवे ठिपके रस्त्यांवरून सरकत होते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक टेम्पो, आणि प्रत्येक टेम्पोत एक दीपेश, असं गुरुजींच्या मनात आलं. पडद्यांसमोर तिशीच्या आतली एक बाई बसली होती, खांद्यावर शाल. नेत्रा मॅडम. गाड्यांचं सगळं तिच्याकडे होतं.

"बसा सर. पाणी घ्या. गारठा वाटतोय का? हा एसी आमच्यासाठी नाही हो, या स्क्रीनसाठी. बावीसच्या वर गेला की वरून फोन येतो." ती दीपेशकडे वळली. "मास्तरांना घेऊन आलास? पुढच्या वेळी आईला आणशील."

"मॅडम, पुढची वेळ येऊ दे तरी," दीपेश म्हणाला. ती हसली नाही, पण तिला हसू आलं होतं, हे गुरुजींना दिसलं.

गुरुजींनी सांगायला सुरुवात केली. त्यांना वाटलं होतं आपण दोन वाक्यांत सांगू. पण ते माठापासून सुरू झाले. खाडीचा वारा, दर दहा मिनिटांनी आकडा. सांगताना आवाज आपोआप वर्गातला झाला, सावकाश, प्रत्येक पायरीवर थांबणारा. त्यांना तो ऐकू येत होता आणि थांबवता येत नव्हता. हे माझ्यामुळे झालं, निम्मा पाठ मी राहू दिला, असं ते शेवटी म्हणाले. नेत्रा मॅडमने शेवटपर्यंत ऐकलं. मग ती म्हणाली, "सर, खरं सांगू? तुमचं पटतं मला. पण हे बघा."

तिने एक पडदा बदलला. त्यावर दीपेशचं तोंड आलं, खूप मोठं, जवळून, घामाने थबथबलेलं. कॅमेऱ्याने शेवटचं पाठवलेलं चित्रण. पडद्यावरचा दीपेश काचेकडे वाकला, दोन बोटांनी कॅमेऱ्याच्या अंगावरून हात फिरवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग कापड आलं. तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसं त्याने ते ठेवलं, एक घडी, दुसरी घडी. पडदा काळा झाला. आवाज चालू होता. पिशवीची कुरकुर. मग दीपेशचा आवाज, दमलेला: "घे बाबा. हो थंड. मला पन जरा पडू दे."

"ऐकलंत?" नेत्रा मॅडम म्हणाली. "पडू दे. त्यानंतर पस्तीस मिनिटं माल भरायची रांग पुढे सरकली आणि हा सरकला नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवून डोकं खाल्लं माझं. वरच्यांनी हेच ऐकलंय. ते म्हणतात, झोपायचं होतं म्हणून कॅमेरा झाकला. मी काय उत्तर देऊ?"

गुरुजींनी दीपेशकडे पाहिलं. तो खाली बघत होता. आणि त्या एका क्षणात गुरुजींना स्वतःमध्ये काहीतरी हलकं झाल्याचं जाणवलं आणि त्याची त्यांना भीती वाटली. म्हणजे माठाचा संबंध नव्हता? सकाळपासून जे उरावर घेऊन आलो ते आपलं नव्हतंच? एका झोपाळू माणसाने जुन्या मास्तराला पुढे केलं, एवढंच? हे किती सोयीचं होतं. उठावं, नमस्कार करावा, घरी जाऊन उरलेली नखं कापावीत. त्यांच्या नोकरीत अशी मुलं होती, शिकवलेलं वाक्य ढालीसारखं धरणारी. पण ती बोटं. चटका बसून मागे आलेली ती बोटं खोटी नव्हती.

"बाई," ते म्हणाले, "कॅमेरा किती तापेपर्यंत चालतो?"

तिने खणातून खोका काढून पाहिला. "साठ अंश."

"आणि टेम्पोत आत्ता किती असेल?"

"मला काय माहीत सर? मी कशाला बसेन तिथे?"

"मग मोजू या. दहा मिनिटं लागतील."

ती पडद्यांकडे, घड्याळाकडे, मग त्यांच्या हातातल्या पुठ्ठ्याच्या नळीकडे बघत राहिली. काय वाटलं कोण जाणे, शाल काढून खुर्चीवर टाकली आणि उठली.

टेम्पो रांगेतल्या नेमाप्रमाणे उभा होता, तोंड नैऋत्येला, इंजिन बंद. रांगेत इंजिन चालू ठेवायची मनाई होती, म्हणून पंखाही बंद. गुरुजी वर चढले. सीटचं रेक्झिन पँटमधून भाजलं. काच, काचेखाली काळा डॅशबोर्ड, आणि काचेवर जिथे कॅमेरा होता तिथे डिंकाचा चौकोन. त्यांनी वहीचा कागद दुमडून तापमापकाच्या फुग्यावर आडोसा केला, म्हणजे सरळ ऊन लागून खोटा आकडा यायचा नाही, आणि तो त्या चौकोनापाशी धरला. दारं बंद. नेत्रा मॅडम शेजारच्या सीटवर बसली, दीपेश खाली उभा. पारा चढताना दिसत होता. गुरुजींच्या पंच्याखालून घाम डोळ्यांत उतरला. श्वास घेतला की नाकातून गरम वाळू गेल्यासारखी वाटे. चौथ्या मिनिटाला कानात लूम सुरू झाले. सातव्या मिनिटाला ती म्हणाली, "सर, पुरे ना." "अजून तीन," ते म्हणाले. दहाव्याला त्यांनी तापमापक तिच्याकडे केला. "डोळा रेषेत आणा. वाचा."

"सदुसष्ट," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता.

"आता इथे." त्यांनी तो चालवणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर धरला. त्यालाही वेळ लागला. पारा खाली येत गेला आणि एका ठिकाणी थांबला.

"एक्कावन्न."

खाली उतरल्यावर तिने ओंजळीने तोंडावर पाणी मारलं आणि गोदामाच्या सावलीत उभं राहूनच नोटिशीच्या कागदावर लिहिलं. कॅमेरा काचेवर बसवल्यामुळे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त तापतो, चालकाने तो थंड करण्यासाठी झाकला, हेतू वाईट नव्हता. गुरुजींनी हळूच सुचवलं, की तो खाली, हवेच्या जाळीपाशी बसवा, गाडी उभी असताना काचेला आतून पांढरा पडदा लावा, आणि काही झालं तरी तापल्यावर पाणी नको, आपलं आपण थंड होऊ द्या. तेही तिने लिहिलं. पहिल्या दोन नोटिसाही मागे घ्यायला सांगते, म्हणाली. मग पेन थांबलं.

"पण झोपेचं मी खोडू शकत नाही, सर. पस्तीस मिनिटं रेकॉर्डला आहेत. कॅमेऱ्याचं एक वेळ चालेल, झोपेला इथे माफी नाही. संध्याकाळी पाचला मेल जाईल. वाईट वाटतं, पण घरी बसवतील त्याला." कागद घेऊन ती जिन्याकडे गेली.

ते दोघे फाटकाकडे चालू लागले. दीपेश मागे राहत होता. गुरुजी मनातल्या मनात अजून आकडेच मोजत होते. सदुसष्ट, साठ, सातचा फरक. पाठ पूर्ण झाला होता आणि काही उपयोग झाला नव्हता. त्यांना राग आला होता, कोणावर ते ठरत नव्हतं.

"गुरुजी," दीपेश मागून म्हणाला. "मॅडम बोलते ते खरा हाय. मी झोपलू व्हतो. तुमाला आदी न्हाय सांगितला. लाज वाटली."

"मला कशाला आणलंस मग?" ते वळले नाहीत. शब्द त्यांना वाटले त्यापेक्षा कडक निघाले.

"कवा झोपलू तेच न्हाय कललं. पडू दे बोललो, मंग काय याद न्हाय. हॉर्न बी न्हाय ऐकू आला. वॉचमननी दार बडवून बडवून उगडला, बादली मारली अंगावर, तवा उठलू."

गुरुजी थांबले. "बादली मारली तेव्हा उठलास?"

"दोन बादल्या. तो हसत व्हता."

"त्याच्या आधी घाम येत होता?"

"सकालधरनं येत व्हता, गुरुजी, शर्ट पिलला तं पानी निंगल येवढा." तो आठवत होता, कपाळाला आठ्या घालून, अगदी वर्गात घालायचा तशाच. "मंग बंद झाला. अंग कोरडा खट पडला. मला वाटला बरा झाला, आता थंड वाटंल. उलट जास्ती तापलू. वकारी आली. डोका अजून जड हाय, परवापासनं."

ऊन सरळ डोक्यावर होतं. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं, आज पहिल्यांदा नीट पाहिलं. खोल गेलेले डोळे, सालपटलेले ओठ, दाराला धरून उठलेला हात. सकाळपासून ते कापडाकडे, पाऱ्याकडे, खोक्यावरच्या आकड्याकडे बघत आले होते, आणि हा समोर उभा होता. त्यांनी त्याचं मनगट धरलं. कातडी गरम आणि रखरखीत होती.

"ती झोप नव्हती, दीपेश."

"मंग काय व्हती?"

"तू ऊन लागून बेशुद्ध पडला होतास."

दीपेश बघत राहिला, समजलं नाही असा. समजावून सांगायला वेळ लागला असता, आणि या खेपेला त्यांना तेवढा धीर नव्हता. त्यांनी स्वतःचा पंचा सोडून त्याच्या डोक्यावर टाकला आणि मनगट न सोडता त्याला पुन्हा जिन्याकडे वळवलं.

"बाई!" ते इतक्या मोठ्याने ओरडले की वॉचमन फाटकातून धावत आला. "मेल थांबवा! आणि डॉक्टरला न्यायला गाडी काढा एक. आत्ता."